तूर्तास मास्तर

आमच्या शाळेत इंग्रजीचे एक मास्तर होते. त्यांच्यापुढे दुःख सांगायचं तर तेसुद्धा व्याकरणशुद्ध सांगावं लागे. त्यांच्या तासाला इंग्रजीशिवाय बोलायचं नाही असा नियम होता. एकदा नववीतला एक मुलगा उशिरा आला आणि दारातूनच इंग्रजीत अडखळत म्हणाला की बाप सकाळपासून तापानं बेशुद्ध पडला आहे. वाक्यातला काळ चुकला होता. मास्तरांनी फळ्याकडचं तोंड न वळवता तो दुरुस्त केला, मुलाकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, "बरोबर" म्हणाले आणि मग हातातला खडू खाली ठेवला. पुढच्या क्षणाला ते कोट चढवून त्या मुलाबरोबर रस्त्याला लागले होते. बाजारातून वैद्याला घेतलं, भर उन्हात मुलाच्या गावापर्यंत चालत गेले आणि दिवेलागणीला परत आले. मी विचारलं तर म्हणाले, "ताप उतरतोय. पण पोराचं काळाचं ज्ञान फार कच्चं आहे हो."

हे आमगावचं. मी तिथं गणित शिकवायचो. मूळचा नागऱ्याचा, म्हणजे त्याच मुलखातला. मास्तर मात्र वरून, जबलपूरकडून आलेले. त्यांची मराठी तीन पिढ्या हिंदी मुलखात जपून ठेवलेली, घडी न मोडलेल्या शालूसारखी. आमच्या 'करून रायलो, जाऊन रायलो'नं त्यांना प्रथम प्रथम ठसका लागे. पुढं एकदा मला म्हणाले, "तुमच्या बोलीत एक मोठी सोय आहे. माणूस काम संपवतच नाही, तो ते करून राहतो." त्यात कौतुक होतं की तक्रार, ते मला आजवर कळलेलं नाही.

आम्हा शिक्षकांना ते नावानं हाक मारत नसत. मी 'गणित', शेजारच्या वर्गातले 'भूगोल', ड्रॉइंगवाले 'चित्रकला'. "अहो गणित, पाणी आलं का?" अशी हाक स्टेशनाजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीत रोज सकाळी घुमे. आम्ही दोघं एका धान व्यापाऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. सगळ्या घराला तुसाचा वास. मास्तरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. मूलबाळ नव्हतं. सौंदडला एक विधवा बहीण होती, तिच्याकडे ते दिवाळीला जात आणि लवकर परत येत. कारण विचारलं तर म्हणत, "ती फार जेवायला घालते. दमायला होतं."

दमायला त्यांना सगळ्यानंच होई. तास संपला की ते खुर्चीत बसून दुखरे खांदे दाबत, डोळे मिटत आणि एक लांब उसासा सोडत. शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असा. मुलं त्याला 'दुसरी घंटा' म्हणत. आज हे लिहिताना माझेही खांदे तसेच दुखतात. आणि तेव्हा ते माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होते.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी ते आमगावला आले. नेमणूक इंग्रजीचे शिक्षक म्हणून, आणि कायम हेडमास्तर मिळेपर्यंत हेडमास्तरांचं काम पाहावं म्हणून. त्यांच्या हुकमात शब्द होते 'फॉर द टाइम बीइंग'. कायम हेडमास्तर काही आला नाही. वर्षं गेली. मास्तर हेडमास्तरांच्या खुर्चीवर बसत, पण नेहमी कडेवर, जणू मालक येताच उठायचं आहे. शाळेच्या शिक्क्यावर जुन्या प्रांताचं नाव होतं. प्रांत बदलला, कारकुनानं नवा शिक्का करायचं काढलं, तर मास्तर म्हणाले, "थांबा जरा. हेही तूर्तास दिसतंय." पुढं खरोखरच आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि मग महाराष्ट्रात. बसल्या जागी माणसं किती प्रांत फिरून आली!

'तूर्तास' हा त्यांचा शब्द होता. जेवलात का, तर "तूर्तास." बरं आहे का, तर "तूर्तास." नववीच्या वर्गात दरवर्षी पहिल्याच आठवड्यात ते तो वाक्प्रचार फळ्यावर लिहीत आणि टेबलावर हात आपटून विचारत, "फॉर द टाइम बीइंग?" सगळा वर्ग एका दमात ओरडे, "तूर्तास!" पलीकडच्या वर्गात माझी बेरीज चुके. गावात त्यांचं नावच पडलं, तूर्तास मास्तर. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं थोडं आवडतही होतं.

क्रियाविशेषणांवर त्यांचा भारी जीव. म्हणत, "नाम म्हणजे माणूस, क्रियापद म्हणजे त्याचं काम. पण जेवतात सगळे, झोपतात सगळे, मरतात सगळे. कसं, कधी, कुठवर, हे सांगणारा शब्द काढून टाका, मग ह्या माणसात आणि त्या माणसात फरक काय राहिला?" हे ते बाजारात वांगी निवडतानाही सांगत. वांगीवाली ऐकून घेई आणि म्हणे, "घेता का नाही ते सांगा गुरजी."

आपली चूक मात्र त्यांनी कधी कबूल केल्याचं मी पाहिलं नव्हतं. कबूल करायची वेळच येत नसे. एखादा शब्द अडला तर दोन दिवस गप्प राहत, कुठून तरी खात्री करून घेत आणि मगच तोंड उघडत. "शिकवणाऱ्यानं चुकायचं असेल तर एकट्यात चुकावं," असं त्यांचं म्हणणं.

आता त्या तलावाची गोष्ट सांगतो.

आमगावपासून दोन-तीन कोसांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं अजून ह्या तंट्यातली दोन्हीकडची माणसं नांदतात. गावाच्या डोक्यावर मातीची पाळ घालून अडवलेला मोठा जुना तलाव आणि खाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. तलाव मालगुजारांचा, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारांचा. मालगुजारी सरकारनं काढून घेतली त्याला तीन-चार वर्षं झाली होती, तरी लोक त्यांना 'मालक'च म्हणत. आमच्या शाळेच्या कमिटीचे तेच अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. गावं गेली, वसुली गेली, वाडवडिलांचं सारं हातातून सुटत चाललं होतं आणि जे उरलं ते ते घट्ट धरू पाहत होते. तलाव रिकामा करून तळाची गाळाची जमीन कसावी, असं त्यांच्या मनात आलं होतं.

एके दिवशी त्यांचं बोलावणं आलं. मी मास्तरांबरोबर गेलो. ओसरीवर चार माणसं बसलेली.

"या मास्तरजी, बसा. चाय घ्या," मालक म्हणाले. "एक छोटीशी बात विचारायची होती. तुमच्या इंग्रजीतली."

"विचारा की."

"फॉर द टाइम बीइंग म्हणजे काय?"

मास्तरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत शाळेबाहेरच्या माणसानं त्यांना एका वाक्प्रचाराचा अर्थ आपण होऊन विचारला नव्हता. "तूर्तास!" ते म्हणाले. "सध्यापुरतं. पुढचं पुढं."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

मालकांनी चार माणसांकडे पाहिलं. "ऐकलं ना?" माणसांनी माना हलवल्या. चहा आला, तो पिऊन आम्ही निघालो. परतताना मास्तर जवळजवळ उड्या मारत चालले होते. "पाहिलंत गणित? लोकांना गरज वाटू लागली."

त्यानंतर पावसानं ओढ धरली. भादवा कोरडा चालला होता. एका दुपारी मी वर्गात होतो, तो व्हरांड्यात बाईचा आवाज चढलेला ऐकू आला.

"तुरतास गुरजी कोन आहे? भाईर या म्हनाव."

चपराशी तिला अडवत होता. मास्तर बाहेर आले. साठीची एक काटक बाई उभी होती. पायाला पोटरीपर्यंत वाळलेला चिखल. तिचं नाव सोनाबाई. त्या तलावाखालच्या गावची. नवरा गेल्यापासून शेती तीच करायची.

"तुमीच का ते?"

"मीच. बसा ना आपण," मास्तर म्हणाले. ते सगळ्यांनाच 'आपण' म्हणत.

"बसाले नाही आली. आमच्या तलावाचं पानी काऊन बंद केलं तुमी?"

"मी? बाई, मी शाळेत शिकवतो."

"मालक म्हन्ते गुरजीनंच सांगतलं. कागदात तुरतास लिवलं आहे म्हन्ते. तुडमावर मानूस बसवून ठेवला त्यानं." तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायचं तोंड. "धान गर्भात येऊन रायलं, आन बांध्याइले भेगा पडून रायल्या. तुमचं काय जाते? तुमचं पोट का धानावर आहे?"

"पण मी फक्त एका वाक्प्रचाराचा अर्थ सांगितला," मास्तर म्हणाले.

"आन माह्या सासऱ्यानं त्या पाळीवर माती वाहली. पाळ फुटली होती तवा सारं गाव खपलं. त्याच्या बदल्यात मालकाच्या आज्यानं पानी लिवून देल्लं, साहेबाच्या समोर. ते का तुरतास देल्लं होतं? तुरतास देल्लं असतं तं एवढी माती कायले वाहली असती?"

मास्तरांनी विचारलं, "तो कागद मला पाहता येईल?"

गावाकडे त्या कराराची एक प्रत होती. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आम्ही दोघं चालत गेलो. पोलिसपाटलाच्या ओसरीवर मास्तरांनी तो इंग्रजी कागद मांडीवर घेतला आणि वाचू लागले. एक वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. ते असं होतं की तलावाखालच्या जमिनीचे 'टेनंट्स फॉर द टाइम बीइंग' तलावाचं पाणी घेतील. बस. मालकांचं म्हणणं, कुळांनी तूर्तास पाणी घ्यावं, म्हणजे तेव्हापुरतं, म्हणजे आता नाही.

मास्तर बराच वेळ त्या शब्दांवर बोट ठेवून बसले. शेवटी मला हळूच म्हणाले, "गणित, हा शब्द चुकीच्या जागी बसलाय."

"म्हणजे?"

"तूर्तास म्हणायचं असतं तर तो क्रियापदाजवळ यायला हवा होता. 'घेतील'जवळ. हा माणसांना चिकटून बसलाय. टेनंट्सना." आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मी त्यांना वाक्य विचारलंच नाही. नुसता शब्द घेतला आणि अर्थ देऊन मोकळा झालो."

त्यानंतर ते आपल्या रिवाजाप्रमाणे गप्प झाले. शाळेतली व्याकरणाची पुस्तकं चाळून झाली. कशातच काही मिळालं नाही. मग पॅसेंजरनं गोंदियाला जाऊन आले. तिथं एक म्हातारे वकील होते, कोर्टात जाणं सोडून दिलेले. परत आले ते सरळ शाळेच्या कपाटाशी गेले, कमिटीची छापील नियमावली काढली आणि उभ्या उभ्याच वाचली.

"वकील हसले मला," रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ते म्हणाले. "कायद्याच्या इंग्रजीत हा शब्द नामाला लागला की अर्थ होतो, त्या त्या वेळी जो असेल तो. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा. म्हणजे हे पाणी आजच्या कुळाला, उद्याच्या कुळाला, त्यापुढच्यालाही. जोवर जमीन आहे तोवर. मी सांगितलं आत्तापुरतं. अर्थ आहे कायमचा." भात तसाच ठेवून ते म्हणाले, "दर वर्षी नववीला शिकवलं मी. दर वर्षी अर्धंच."

"अहो, शाळेला तेवढंच लागतं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घालून जेवू लागलो.

नायब तहसीलदार तलावावर येऊन सुनावणी घेणार, असं कळलं. त्याआधी मास्तर मालकांकडे गेले. मलाही ओढून नेलं. ह्या वेळी ओसरीवर कुणी नव्हतं.

"मी तुम्हाला अर्धाच अर्थ सांगितला होता," मास्तर म्हणाले. "दुसरा अर्थ आहे, आणि तुमच्या कागदात तोच लागू होतो."

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पानाचा डबा पुढं केला. "मास्तरजी, मला अर्धाच पुरे आहे."

"पण तो चूक आहे."

"तुम्ही पोरांना काय शिकवलं? तूर्तास. माझा पुतण्या तुमच्याच हाताखाली शिकला. गावातलं पोरगं पोरगं जाणते. सुनावणीला तुम्ही या आणि जे शिकवलं तेच सांगा. त्यात खोटं काय आहे?" मग जरा थांबून म्हणाले, "तुमची ऑर्डर अजून कच्चीच आहे ना? इतकी वर्षं झाली, बरं दिसत नाही. दिवाळीच्या मीटिंगमध्ये पक्की करून टाकू."

मास्तर बसल्या जागी अवघडले. मला दिसलं, त्यांना ते हवं होतं. खूप हवं होतं. खुर्चीच्या कडेवर बसून माणसाची पाठ दुखायला लागते. "येतो," एवढंच म्हणून ते उठले.

सुनावणीच्या दिवशी पाळीवर, मोहाच्या झाडाखाली नायब तहसीलदारांना खुर्ची-टेबल टाकून दिलं होतं. नागपूरला कायदा शिकलेला तरुण माणूस, उन्हानं वैतागलेला. एका बाजूला मालक, त्यांचा पुतण्या आणि कारभारी. दुसऱ्या बाजूला गाव. सोनाबाई अगदी पुढं उकिडवी बसलेली. खाली बांध्यांतलं धान पिवळं पडत चाललेलं दिसत होतं आणि मागं तलावात पाणी नुसतं उभं होतं.

पुतण्यानं कागद वाचला. आवाज चांगला होता, उच्चारही मास्तरांनी घोटून घेतलेले. "फॉर द टाइम बीइंग म्हणजे तूर्तास," तो म्हणाला. "आमच्या सरांनीच शिकवलं. सर इथं आहेत, त्यांनाच विचारा."

नायब तहसीलदारांनी मास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही असं शिकवलं?"

मास्तर उभे राहिले. कोटाची वरची गुंडी लावली. "हो. मी असंच शिकवलं. ह्याला शिकवलं, ह्याच्या आधीच्यांना शिकवलं." मग ते खालच्या पिवळ्या धानाकडे पाहू लागले. मला वाटलं, संपलं. मालकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते मागं टेकले. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं."

पुतण्याची मान खाली गेली.

"अर्धं शिकवलं, म्हणजे चुकीचंच," मास्तर पुढं म्हणाले. ते आता साहेबाशी नव्हे, वर्गाशी बोलावं तसं बोलत होते. "गावचा कोतवाल म्हटलं की कोण? आज जो आहे तो. तो गेला की दुसरा येतो. माणूस बदलतो, कोतवाली राहते. तसं इथं कुळाचं आहे. त्या त्या वेळी जमिनीवर जो कसत असेल, त्याला पाणी. तूर्तास आहे ते कूळ. पाणी तूर्तास नाही."

"ह्याला आधार?" नायब तहसीलदारांनी विचारलं. पण त्यांच्या डोळ्यांत आता वैताग नव्हता.

"आमच्या शाळा कमिटीच्या नियमावलीत लिहिलं आहे, मालकांच्या घराण्याचा 'हेड ऑफ द फॅमिली फॉर द टाइम बीइंग' कमिटीचा अध्यक्ष राहील. तिथंही तूर्तास, म्हणजे नियम लिहिला तेव्हापुरता, असा अर्थ घेतला, तर मालक आज अध्यक्ष उरत नाहीत."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग गावच हसलं. नायब तहसीलदारांनी हसू दाबत टेबलावर पेन्सिल आपटली. म्हणाले, "सरकारच्या निम्म्या कायद्यांत हा शब्द ह्याच अर्थानं आहे. मला ठाऊक होतं, पण सांगणारा कुणी भेटतो का ते पाहत होतो." पक्का निकाल वरून होईल तोवर तुडूम उघडावं, असा हुकूम त्यांनी तिथंच लिहिला.

मालक हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. फक्त खूप म्हातारे दिसले. जाता जाता मास्तरांजवळ थांबून म्हणाले, "मास्तरजी, एवढ्या लोकांत कायले? मला घरी सांगायचं होतं ना."

"घरीच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

तुडूम उघडलं. पाणी आधी गढूळ आलं, मग मोकळं झालं. पोरं पाटाच्या कडेनं धावत सुटली. मास्तर पाळीच्या उतारावर बसून राहिले होते. चेहरा पांढराफटक. सोनाबाई त्यांच्याजवळ आली. मला वाटलं, आता ही पाया पडणार.

"गुरजी," ती म्हणाली, "हेच पहिल्या झटक्याले नीट सांगतलं असतं, तं माह्या वरच्या दोन बांध्या वाळल्या नसत्या."

"हो," मास्तर म्हणाले.

ती पदर खोचून पाण्याकडे निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला वरच्या बांध्या गेल्याचं दिसत होतं, खालच्या वाचवायची घाई होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नववीला तो वाक्प्रचार नव्यानं शिकवला. दहावी-अकरावीला एकत्र बसवून पुन्हा शिकवला. कुणी टेबलावर हात आपटला नाही, कुणी ओरडलं नाही. त्या दिवशी तास संपल्यावर उसासाही आला नाही. मुलं वाट पाहत थांबली होती.

दिवाळीच्या मीटिंगमध्ये कायम हेडमास्तरांची नेमणूक झाली, दुसऱ्याच कुणाची. मास्तरांना इंग्रजीचे शिक्षक म्हणून राहता आलं असतं. मालक स्वतः तसं म्हणाले. पण मास्तर थांबले नाहीत. "मला थकवा आलाय," म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गोंदियाला उतरून छोट्या लाईनीच्या, नॅरोगेजच्या गाडीनं ते बहिणीकडे सौंदडला गेले.

त्या तलावाच्या निकालाचं शेवटी काय झालं, म्हणाल तर काहीच झालं नाही. फाईल भंडाऱ्याला गेली, तिथून नागपूरला. दरम्यान राज्य बदललं, अधिकारी बदलले. मग तलाव सरकारनंच ताब्यात घेतला आणि पाण्याचे वेगळेच नियम आले. ज्या वाक्यासाठी मास्तर एवढे झिजले, ते वाक्य पुढं कुणी वाचलंही नसेल. पण त्या साली खालच्या बांध्यांचं धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर मला ते एकदाच भेटले. महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात मी एका लग्नासाठी छोट्या लाईनीनं चांद्याकडे चाललो होतो. सौंदडला गाडी क्रॉसिंगला थांबली. खिडकीतून पाहतो तर एक म्हातारा माणूस डब्याडब्यापाशी थांबून, वाकून, आत निरखून पाहत चालला होता. जवळ आल्यावर ओळख पटली. मी हाक मारून खाली उतरलो.

"कुणी यायचं आहे का, सर?"

"विद्यार्थी," ते म्हणाले. फार वाळले होते.

"कोणता?"

"कोणताही." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "ह्या लाईनीनं आमगाव-गोंदियाची पुष्कळ पोरं जातात. कुणी तलाठी झाला, कुणी मास्तर, कुणी कोर्टात कारकून. मी दोन्ही गाड्यांना येतो. चेहरे बदलतात हो, पण जो मुलगा मनातल्या मनात वाचताना ओठ हलवतो, तो मिशा आल्यावरही हलवतो. तेवढ्यावरून ओळखू येतात."

"आणि मग?"

"मग सांगतो. त्या शब्दाला दुसराही अर्थ आहे म्हणून. कुणाच्या हातून कुठल्या कागदावर काय लिहिलं जात असेल, काय सांगावं?"

"ऐकतात का?"

ते थोडे हसले. "बरेचसे म्हणतात, सर, आता काय उपयोग. काही ओळखच देत नाहीत. परवा एक जण खाली उतरून पाया पडला. पण अर्थ काही त्यानं ऐकला नाही."

"सर, घरी बसा आता. ऊन किती आहे."

"दमतो खरा," ते म्हणाले. तेवढ्यात समोरची गाडी आली आणि आमच्या गाडीनं शिट्टी दिली. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, कारण मागचे दोन डबे पाहायचे राहिले होते. मी चढलो आणि दारात उभा राहिलो. शेवटच्या डब्याच्या खिडकीशी ते एकदम थांबले. आत कुणीतरी सापडलं होतं. त्यांनी गजांवर टकटक केलं. पंचविशीच्या एका माणसानं चकित होऊन तोंड बाहेर काढलं. गाडी हलली. मास्तर खिडकीला धरून चालू लागले, बोलत होते, मग जरा पळाले, आणि फलाटाची खडी संपली तिथं त्यांना थांबावं लागलं. चाकांच्या खडखडाटात त्या माणसाला काही ऐकू गेलं नसावं. त्यानं कानामागं हात धरला. मास्तर दोन श्वास घेण्यापुरते वाकले, पुन्हा सरळ झाले, आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून पहिल्यापासून सांगू लागले.